सतरंजीवर मांडलेल्या एकेचाळीस वस्तू

जानेवारी २०२३ मधल्या एका रविवारी मी बुटांचा जोड शोधत होते. २०१९ मध्ये हौसेनं घेतलेले, घोट्याच्या वरपर्यंत येणारे भारी बूट. दोनदाच घातले होते, मग नीट पुसून खोक्यात ठेवले. खोकं माळ्यावर सापडलं. बूट बाहेर काढला तर तळवा हातात आला. दुसऱ्याचा थोडा वाकवला, तर त्याचाही शेवेसारखा भुगा झाला.

नंतर कळलं की अशा बुटांच्या तळव्यात मऊपणासाठी पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या दमटपणानं तो आतून कुजत जातो. नेमानं पायात असलेला बूट बरीच वर्षं टिकतो आणि खोक्यात जपून ठेवलेला आधी जातो, असं पुष्कळदा होतं. मला हे फार लागलं. पैशांपेक्षाही, ते बूट ज्या वाटांवर जायला हवे होते त्या वाटा डोळ्यांसमोर आल्या.

मग मी हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि माळ्यावरचं, पलंगाखालचं, गॅलरीतल्या कपाटातलं ट्रेकिंगचं सगळं सामान तिच्यावर मांडलं. तीन सॅक, दोन टेंट, दोन स्लीपिंग बॅग, तीन स्टोव्ह, चार हेडटॉर्च, पाच सुऱ्या, घडीची करवत, टायटॅनियमचा मग, दोर, दोर अडकवायच्या कड्या म्हणजे कॅराबिनर. दोन हेडटॉर्चमध्ये सेल फुटून हिरवट पांढरी पूड जमली होती. जुन्या टेंटचा आतला थर चिकट होऊन सोलत होता.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू कमजोर आहे. मला पहिल्यांदा कळसूबाईवर नेलं ते त्यांनीच. मी अकरा वर्षांची होते, त्यांच्या पाठीवर खाकी कॅनव्हासची सॅक होती आणि आत दोन चादरी, भाकऱ्या, कांदे आणि एक बॅटरी. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, १,६४६ मीटर, आम्ही कॅनव्हासच्या साध्या बुटांत चढलो होतो.

त्यांनी वाकून डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली. छोटी, कातड्याच्या म्यानातली, धार अजून कारखान्यातलीच.

"ही कशाला गं?"

"लाकूड फोडायला, बाबा."

"कुठलं लाकूड?"

मला उत्तर देता येईना. मी जिथे जाते ते रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, हे सगळं अभयारण्य आहे. तिथे झाडाला हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी हिरड्याच्या किंवा जांभळाच्या फांदीवर मी घाव घातला नसता. ती कुऱ्हाड मी स्वीडनच्या जंगलातले व्हिडिओ बघून घेतली होती. तिकडे मैलोन् मैल बर्च आणि पाइन, हिवाळ्यात बर्फ, पडलेलं वाळकं लाकूड भरपूर. तिथल्या माणसाच्या हातात ती शोभते, कारण तिच्यावाचून त्याची रात्र निघत नाही. माझी रात्र रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतल्या कुणाच्या तरी ओसरीवर चुलीवरच्या पिठलं-भाकरीनंतर निघते.

त्याच संध्याकाळी मी एक शंभरपानी वही घेतली आणि प्रत्येक वस्तूला एक ओळ दिली: कधी घेतली, कितीला, आणि डोंगरावर किती रात्री काढल्या. जुने मेल आणि बिलं उपसून दोन आठवड्यांत वही पुरी झाली. एकूण ४१ वस्तू, १,१६,४०० रुपये. त्यातल्या १७ वस्तू घराबाहेर कधीच पडल्या नव्हत्या.

आकडा मोठा होताच, पण मला हलवलं ते वर्षांनी. २०१७ मध्ये मी ११ रात्री डोंगरावर होते आणि पाच वस्तू घेतल्या होत्या. २०१८ मध्ये नऊ रात्री आणि चार वस्तू, २०१९ मध्ये आठ रात्री आणि पाच. २०२० मध्ये सगळं बंद होतं, दोनच रात्री जमल्या, वस्तू नऊ. आणि २०२१ मध्ये एकही रात्र नाही, वस्तू बारा. २०२२ मध्ये तीन रात्री, सहा वस्तू.

२०२१ हे बाबांचं वर्ष. रात्री त्यांच्या पलंगाशेजारी बसायचे, दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, मधल्या वेळात फोन. हलक्या टेंटचं वजन किती ग्रॅम, कुठल्या सुरीचं पोलाद गंजत नाही, हे मी त्या रात्रींमध्ये पाठ केलं. पार्सल आलं की दोन दिवस बरं वाटायचं. मला डोंगराची ओढ लागलेली होती आणि जाता येत नव्हतं, एवढी ती सरळ गोष्ट होती. त्या वर्षीच्या बारा ओळी मी वहीत खोडल्या नाहीत आणि त्यांच्याबद्दल स्वतःला दोषही देत नाही. पण २०२२ मध्ये बाबा काठीच्या आधारानं चालू लागले, भाऊ आलटून पालटून यायला लागला, जाणं शक्य झालं, तरी मी घेतच राहिले.

त्याची मुळं आणखी मागे होती. ऑगस्ट २०१६ मध्ये आम्ही पाचजण रतनगडावरच्या गुहेत मुक्कामाला होतो. शिड्या चढेपर्यंत सगळे चिंब. गुहेत आल्यावर सॅक उघडली तर कोरडे म्हणून ठेवलेले कपडेही ओले. दारातून सरळ वारा येत होता. थंडी काही हिवाळ्यातली नव्हती, पण ओल्या कपड्यांत आणि वाऱ्यात शरीराची ऊब भराभर जाते, पावसाळ्यात सुद्धा. मध्यरात्री माझी थरथर थांबेना, जीभ जड झाली, मैत्रिणीनं आणि तिच्या नवऱ्यानं मला मध्ये घेऊन रात्र काढली. ती भीती अंगात राहिली. त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक खरेदी त्या रात्रीसाठी होती. १०,००० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसणारं जॅकेट त्या रात्रीसाठी, उणे १० अंशांची स्लीपिंग बॅगही त्याच रात्रीसाठी, जरी सह्याद्रीत पारा शून्याच्या खाली फारसा जात नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर मी ती रात्र पहिल्यांदा सविस्तर लिहिली. काय कमी पडलं होतं? सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी. कपडे त्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारली असती तर ते कोरडे राहिले असते. वीस रुपयांची वस्तू, आणि ती तेव्हाही घरात होती. हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ रडले.

समजलं म्हणजे सुटलं, असं मात्र झालं नाही. मी ठरवलं, वर्षभर काहीही घ्यायचं नाही. बेचाळिसाव्या दिवशी रात्री अकरा वाजता, दिवसभराच्या ऑफिसनंतर, सवलतीचा शेवटचा तास म्हणून एक जॅकेट मागवलं. पार्सल आलं तेव्हा ते न उघडता परत पाठवलं, पण नुसत्या बंदीनं माझं भागणार नाही हे कळलं. 'घ्यायचं नाही' म्हटलं की डोक्यात दिवसभर घेणंच चालू राहतं.

मग नियम बदलला. वस्तूची गरज फक्त डोंगरावर ठरवायची. वहीचं एक पान फाडून, चौघडी करून सॅकच्या टपात ठेवलं, सोबत पेन्सिल, कारण ओल्या कागदावर पेन चालत नाही. वाटेत किंवा मुक्कामावर एखादी गोष्ट खरोखर अडली तर तिथेच लिहायची. घरी आल्यावर आठवून लिहायचं नाही. आणि तीच गोष्ट दुसऱ्या ट्रेकमध्ये पुन्हा अडली तरच घ्यायची. फोनमधली दुकानं काढून टाकली. व्हिडिओ बघणं थांबवलं नाही, मला ते आवडतात. पण रात्री दहानंतर नाही.

वर्षभरात त्या कागदावर आलेल्या गोष्टी बघून मी थक्क झाले. दाभण आणि जाड दोरा. बुटाची जादा नाडी. पातेल्यावर झाकण. खोबरेल तेलाची लहान बाटली. नखं कापायचं कटर, कारण उतरताना अंगठ्याचं नख बुटात लागत होतं. ज्या पाच गोष्टी दोनदा आल्या, त्यातल्या चार घरातच होत्या.

त्या जुलैत पुन्हा रतनवाडीला गेले. अमृतेश्वराच्या देवळापासून आमच्यासोबत गावातले एक मामा होते, साठीच्या पुढचे. डोक्यावरून प्लास्टिकच्या गोणीचा घोंगता, कमरेला कोयता, पायात झिजलेल्या चपला. मी ते भारी जॅकेट घालून अर्ध्या वाटेत आतून घामानं भिजले होते. असं कापड आतली वाफ बाहेर सोडतं हे खरं, पण बाहेरच्या हवेतच बाष्प काठोकाठ भरलेलं असलं, की वाफेला जायला जागा उरत नाही. जुलैतला रतनगड म्हणजे ढगातच चालणं. मामांचा घोंगता खालून मोकळा, वारा खेळता. त्यांचे खांदे कोरडे होते.

मी म्हटलं, "मामा, तुमचं बरंय."

ते म्हणाले, "ताई, आमाला घरी जाऊन वाळायचं आस्तं. तुमाला वर ऱ्हायचंय. तुमचं बी खोटं न्हाय."

त्यांच्या या बोलण्याचा मला फार आधार वाटला. मी मनात त्यांच्या चपला आणि माझे बूट यांची तुलना करून शरमायला लागले होते. ती शरमही उपयोगाची नव्हती. प्रत्येकाची रात्र वेगळी असते आणि सामान त्या रात्रीला पुरेल एवढं असावं लागतं.

तिथून आल्यावर एक नवीन ओढ लागली, आणि ती ओळखायला मला वेळ लागला. आता मला घोंगडी हवी होती. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावलेली. मी चार संध्याकाळी तेच वाचत होते: काळी बरी की पांढरी, काठ कसे. आपल्या मातीतली वस्तू आहे, कारागिराला काम मिळतं, या सगळ्या खऱ्या गोष्टी होत्या आणि त्यांच्याच आडून ती जुनी तहान परत आली होती. वही उघडली. घोंगडीची गरज डोंगरावर एकदाही लिहिलेली नव्हती. आणि आजीची घोंगडी गावच्या घरात पेटीत होती. दिवाळीला ती आणली, उन्हात टाकली, झटकली. आता बाबांच्या पलंगावर असते. थंडीत मी नेते.

वापरात नसलेल्या १७ वस्तूंचं काय करायचं, यात सहा महिने गेले. एक टेंट, उणे १० ची स्लीपिंग बॅग आणि मोठी सॅक हिमालयात पहिल्यांदा जाणाऱ्या दोन कॉलेजच्या मुलींना दिली. त्यांच्याकडे त्या वस्तूंना खरं काम आहे. सुऱ्या भाऊबंदांत गेल्या, एक स्वयंपाकघरात रोज कांदा चिरते. दोर मात्र कुणालाही दिला नाही. नायलॉनचा दोर न वापरताही जुना होतो, उत्पादक स्वतःच साधारण दहा वर्षांची मर्यादा सांगतात, आणि माझा दोर मुळातच जुन्या साठ्यातला, सेकंडहँड घेतलेला होता. कुणाचा जीव त्यावर टांगायचा नाही म्हणून मी त्याचे तुकडे केले. गॅलरीत कपडे वाळत घालायला ते उत्तम आहेत. कुऱ्हाड आमच्या गावच्या चुलतभावाला दिली. त्याच्या शेतात बाभळी आहेत.

भुगा झालेल्या बुटांना गल्लीतल्या चांभारकाकांनी जुन्या टायरच्या रबराचा तळवा शिवून दिला. ३५० रुपये घेतले. ते बूट जड झालेत, पण हरिहर गडाच्या दगडी पायऱ्यांवर घट्ट धरतात.

२०२३ मध्ये सात रात्री झाल्या, २०२४ मध्ये दहा. दोन वर्षांत चार वस्तू घेतल्या, त्यातली एक नवी हेडटॉर्च, जी दोनदा कागदावर आली होती. परत आले की बाबा आधी सॅक जवळ ओढतात, कापडाचा वास घेतात आणि विचारतात, कुठून चढलात, पाणी कुठे होतं, टाकं भरलेलं होतं का. मी सामान काढता काढता सांगते. कधीकधी ते मध्येच थांबवून वाट दुरुस्त करतात.

सध्या कागदावर एकच गोष्ट आहे. हरिहर उतरताना डावा गुडघा दुखला आणि मी खालच्या पठारावर बसून लिहिलं, 'काठी'. पुढच्या महिन्यात साल्हेर आहे, १,५६७ मीटर, उतार लांब. गुडघा पुन्हा बोलला तर परतल्यावर त्याच आठवड्यात काठ्यांची चांगली जोडी घेणार आहे, दुकानात जाऊन, हातात धरून, उंची बघून.