गाइसलिंगेन: घाटाच्या पायथ्याचं स्टेशन

कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारं जादा इंजिन, लागताना जो हिसका बसतो, त्याची लहानपणापासून सवय असलेल्या माणसाला जर्मनीत एकच स्टेशन दाखवायचं झालं, तर मी गाइसलिंगेनला नेईन. स्टुटगार्टहून उल्मकडे जाणारी साधी प्रादेशिक गाडी धरायची. ती फिल्स नदीच्या खोऱ्यातून, कारखाने आणि सफरचंदाच्या बागा मागे टाकत जाते. डोंगर हळूहळू जवळ सरकतात आणि श्वेबिश आल्बची भिंत समोर उभी राहते. तिथे गाडी थांबते. पाटीवर नाव आहे 'गाइसलिंगेन (स्टायगे)'. स्टायगे म्हणजे इथला घाट.

स्टेशनात बघण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉफीच्या आशेने उतरू नका. फलाटाच्या उल्मकडच्या टोकाला मात्र जरूर जा. रूळ तिथून वळण घेत वर निघतात, आणि चढ नुसत्या डोळ्यांनी कळतो. रेल्वेत असं क्वचितच दिसतं.

हा सगळा मुलूख व्युर्टेंबर्गचा, आणि ते तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. 1843 मध्ये कायदा करून त्यांनी सरकारी खर्चाने रेल्वे बांधायला घेतली. एका बाजूला नेकार नदी आणि राजधानी स्टुटगार्ट, दुसऱ्या बाजूला डॅन्यूबवरचं उल्म, आणि मध्ये हा आल्ब आडवा. रेम्स आणि ब्रेन्झ या नद्यांच्या खोऱ्यांतून वळसा घालून जायचा सोपा मार्ग होता. त्यावर बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी सरळ डोंगर चढायचं ठरलं. घाटाचं काम मिखाएल क्नोल या अभियंत्याकडे आलं. स्टुटगार्टकडून रूळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकत होते. 14 जून 1849 रोजी ते गाइसलिंगेनला पोचले आणि तिथेच थांबले, कारण वरचं काम चालू होतं. म्हणजे पहिलं वर्षभर हे शेवटचं स्टेशन होतं. पुढे जायचं तर खाली उतरून घोडागाडीने डोंगर चढायचा. 29 जून 1850 रोजी घाट खुला झाला आणि गाड्या उल्मपर्यंत धावू लागल्या.

आकडे ऐकून आपल्याकडचा माणूस हसेल. लांबी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, चढाई 112 मीटर, दर हजार मीटरला साडेबावीस मीटर चढ. बोगदा एकही नाही. आपला बोरघाट 1863चा, पंचवीस बोगद्यांचा, सदतीसास एक, म्हणजे दर हजार मीटरला सत्तावीस मीटर चढाचा. वयाने धाकटा असला तरी अंगापिंडाने तोच थोरला. पण 1840च्या दशकात, इंजिनं आत्ता कुठे सपाटीवर धड चालायला लागली असताना, एवढ्या चढावर नुसती चाकं आणि रूळ यांच्या पकडीवर गाडी नेता येईल यावर भरवसा ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. शिवाय डायनामाइटचं पेटंट 1867चं. इथला सगळा चुनखडक पहार, घण आणि सुरुंगाची काळी दारू यांवर फुटला.

हे गाव चढावर जगत आलं आहे, आणि तेही रेल्वेच्या कितीतरी आधीपासून. ऱ्हाईनकडून इटलीकडे जाणारा व्यापारी रस्ता याच खिंडीतून जायचा. डोक्यावरच्या कड्यावर हेल्फेनश्टाइन सरदारांचा किल्ला होता, खाली जकातनाका. 1396 मध्ये गाव उल्म शहराच्या ताब्यात गेलं आणि जकातीचे पैसे तिकडे जाऊ लागले. जुन्या गावात जकातीचं लाकडी चौकटीचं घर अजून उभं आहे. इतकं ठसठशीत, की वसुली चांगली होत असणार याबद्दल शंका उरत नाही.

रेल्वेचं काम आलं तेव्हा दानिएल श्ट्राउब नावाच्या गिरणीवाल्याने संधी ओळखली. बांधकामाची अवजारं दुरुस्त करता करता त्याने यंत्रशाळा काढली, आणि 1853 मध्ये भागीदारीत धातूच्या भांड्यांचा कारखाना. 1880 मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी विलीनीकरण होऊन त्याची 'डब्ल्यूएमएफ' ही कंपनी झाली. आपल्याकडे हे नाव चकचकीत सुरी-काट्यांवर किंवा हॉटेलातल्या कॉफीयंत्रावर दिसतं, तेच. घाटाच्या बांधकामाने जन्माला घातलेला कारखाना पुढे त्या गावाचाच पोशिंदा झाला.

त्याच कारखान्याचं एक पान वाचताना घशात आवंढा येतो. 1944 मध्ये शेकडो हंगेरियन ज्यू स्त्रियांना ऑशवित्झहून इथे आणून सक्तीने कामाला जुंपलं. त्यांची छावणी नात्झवायलर या छळछावणीची शाखा होती. याच मार्गावरून 1883पासून ओरिएंट एक्स्प्रेसचे श्रीमंत प्रवासी व्हिएन्नाच्या दिशेने गेले होते. स्टेशनचा इतिहास सांगताना फक्त त्या श्रीमंत प्रवाशांबद्दलच सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

आता बँकरकडे वळू. जड गाडी आली की तिच्या मागे इंजिन लावायचं, माथ्यावरच्या आम्श्टेटेनपर्यंत ढकलायचं, आणि रिकाम्या इंजिनाने परत खाली यायचं. वाफेच्या काळापासून हाच क्रम. 1933 मध्ये स्टुटगार्ट-उल्म मार्गावर वीज आली आणि घाटातल्या मालगाड्यांसाठी 'ई 93' जातीची खास इंजिनं बनली. दोन्हीकडे लांब नाकं, मध्ये चालकाची केबिन. लोक त्यांना मगर म्हणत. गंमत अशी की, बोरघाटात विजेची इंजिनं आली ती याच सुमाराची आणि साधारण याच घडणीची, आणि आपल्या लोकांनी त्यांना म्हटलं खेकडा!

फलाटावर एक निवृत्त गृहस्थ भेटले. हातात कॅमेरा, गळ्यात दुर्बीण. मी भारतातल्या घाटाखालचा आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे मागचं इंजिन गाडीला जोडतात का?" जोडतात म्हटल्यावर समाधानाने मान हलवली आणि पुढची पंधरा मिनिटं मला सोडलं नाही. त्यांची तक्रार नव्या मार्गाबद्दल होती. 11 डिसेंबर 2022पासून वेंडलिंगेन ते उल्म असा वेगळा अतिजलद मार्ग सुरू झाला. तो बोगद्यांतून आणि 85 मीटर उंचीच्या पुलावरून फिल्सचं खोरं ओलांडून जातो. तिथे गाड्या ताशी 250 किलोमीटरने धावतात. जुन्या घाटात त्याच आयसीई, म्हणजे जर्मनीच्या अतिजलद गाड्या, ताशी 70 वर येत. "आता त्यांना कळतही नाही की मध्ये डोंगर आहे," ते म्हणाले. मला विचाराल तर प्रवाशांचं भलंच झालं. रोज ये-जा करणाऱ्याला घाटाचं कौतुक नसतं, हे कर्जत-पुणे करणाऱ्या कुणालाही विचारा.

पण हौशी माणसाला आता घाट निवांत मिळतो. प्रादेशिक गाडीत खिडकी धरून बसा. गाव सोडताच गाडी वळणात शिरते, चाकांच्या कडा रुळांना घासून किंचाळतात, एका बाजूला जाळ्या ठोकलेला पांढुरका खडक हाताशी येतो आणि दुसऱ्या बाजूला रस्ता खाली खाली जातो. क्नोलचं स्मारकही घाटात रुळांच्या कडेलाच आहे. दोन कप चहा होईपर्यंत आम्श्टेटेन येतं आणि एकदम सपाटी, शेतं, वारा.

पायांत बळ असेल तर गावातून हेल्फेनश्टाइनच्या पडक्या किल्ल्यावर चढा. वरून अख्खं गाव आणि त्याला वळसा घालणारी रेल्वे दिसते. रविवार मात्र टाळा, त्या दिवशी मालगाड्या कमी असतात. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा.