तुम्ही विचारलंत म्हणून: खरी ड्रायव्हरची होंडा सिटी कोणती?

गाड्यांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, होंडा सिटीच्या इतक्या पिढ्या आल्या, त्यात चालवायला सगळ्यात भारी कोणती? पहिली. आणि त्यातही व्हीटेक इंजिनवाली.

१९९८ ला सिटी भारतात आली तेव्हा १.३ आणि १.५ लिटरची अशी दोन इंजिनं होती, तीही मस्त पळायची, पण पुढे १.५ व्हीटेक आली आणि १०६ बीएचपी (इंजिनची ताकद मोजायचं माप) म्हणजे काय चीज असते ते कळलं. गाडी हलकी, बुटकी, सीट इतकी खाली की रस्ता अगदी बुडाखालून जातोय असं वाटतं. गावात एकदम गुणी बाळ. पण मोकळ्या रस्त्यावर सेकंड गिअरमध्ये पाय दाबून धरला की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चढत जातो आणि एका ठिकाणी आवाजच बदलतो, जाड होतो, आणि आता दम संपला असेल असं वाटत असताना गाडी नव्याने सुटते. व्हीटेकच्या आत होतं काय, तर ऑइलच्या प्रेशरने एक छोटीशी पिन सरकते, रॉकर आर्म, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह मोठ्या कॅमवर (त्यांना उघडणाऱ्या उंचवट्यावर) चालायला लागतात, म्हणजे जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात. एवढीशी पिन! मला अजूनही याचं नवल वाटतं.

२००३ ला दुसरी आली, जिला सगळे डॉल्फिन म्हणतात. १.५ लिटरच्या इंजिनात ७७ बीएचपी ऐकून मला खरंच वाईट वाटलेलं. पण तिला नावं ठेवणं बरोबर नाही, कारण एका सिलिंडरला दोन असे आठ स्पार्क प्लग होते ते ॲव्हरेजसाठी, आणि पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेल्यामुळे मागे ऐसपैस जागा झाली. घरात चार माणसं असलेल्याला तीच गाडी पटणार. नंतर याच पिढीच्या झेडएक्स मॉडेलमध्ये व्हीटेक परत आलं, पण ती धार नाही आली.

२००८ ची तिसरी माझ्या लिस्टमध्ये दोन नंबरला. ११८ पीएस (हेही बीएचपीसारखंच ताकदीचं माप), बाणासारखं नाक, आणि वर फिरवलं की मन लावून फिरणारं इंजिन. २०१४ च्या चौथीत डिझेल आलं, रोजच्या लांबच्या रनिंगला उत्तम, माझ्या कामाचं नाही. २०२० च्या पाचवीत १२१ पीएस आणि सहा गिअर, स्टेबल तर इतकी की हायवेवर स्पीड जाणवतच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे, मला जाणवायला हवा असतो. २०२२ च्या हायब्रिडमध्ये तर बराच वेळ इलेक्ट्रिक मोटरच चाकं फिरवते, इंजिनचा आवाज ऐकायला कान द्यावा लागतो.

एक विनंती. कुणाच्या पार्किंगमध्ये पहिली व्हीटेक धूळ खात उभी असेल तर भंगारात देण्याआधी ऑइल, बॅटरी, जुनं पेट्रोल बदला, ब्रेक आणि टायर नीट बघून घ्या, इंजिन छान गरम होऊ द्या, आणि एकदा, फक्त एकदा, सेकंड गिअरमध्ये काटा वरपर्यंत जाऊ द्या.