चौथ्या मजल्याचा रोलर

"आधीचा मुलगा आठ दिवस लिफ्ट चालवून गेला, तुम्ही हात लावलात आणि बंद पडली." सेक्रेटरीकाका जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि पाण्याचे जार घेऊन आलेला पोरगा, दोघं वीस मिनिटं आत अडकले होते. आजींना मी नुकतंच बाहेर काढलं होतं. मी गप्प राहिलो.

मी लिफ्ट मेकॅनिक. आदल्या दिवशी मी तिथे मासिक सर्व्हिसिंगला गेलो होतो. डोंबिवलीतली सात मजली जुनी सोसायटी. मशीन रूममध्ये कंट्रोलर, म्हणजे लिफ्ट चालवणारं पॅनेल, उघडला तर डोअर लॉकच्या दोन टर्मिनलांमध्ये लाल वायरचा तुकडा. लूप मारलेला, म्हणजे लॉकना वगळून वायर थेट जोडलेली. प्रत्येक मजल्याच्या दाराच्या लॉकला एक कॉन्टॅक्ट, म्हणजे दार बंद झालं की जुळणारा स्विच, असतो आणि ते सगळे एका साखळीत जोडलेले असतात. त्यातला एक जरी उघडा असला तरी लिफ्ट हलता कामा नये. लूप मारला की सगळी दारं बंदच आहेत असं कंट्रोलर धरून चालतो, मग एखाद्या मजल्याचं दार उघडं राहिलं तरी लिफ्ट निघते. बरेच नवे कंट्रोलर असा लूप पकडतात, हा जुना होता. शाळेतून आलेली पोरं धावत येऊन त्या दारांना टेकतात, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलंय. लूप काढला, आणि दुसऱ्या सकाळी आजी अडकल्या.

लूप मारण्याआधी कंट्रोलरवर बिघाडाचा कोड दोन महिने एकच येत होता: लिफ्ट धावताना डोअर लॉक उघडला. आधीच्याने चौथ्या मजल्याचा कॉन्टॅक्ट दोनदा बदलला होता, पैसे सोसायटीने भरले. कोड साखळी तुटल्याचं सांगतो, कशाने तुटली ते शोधायला शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरावं लागतं. कॉन्टॅक्ट स्वच्छ होता, मीटरवर 110 व्होल्ट पूर्ण मिळत होते. रिकामी लिफ्ट वीसेक वेळा वरखाली पळवली, एकदाही थांबली नाही.

मग वॉचमन म्हणाला, "साहेब, पाणीवाला असला की अडकते." दोन महिन्यांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पोरगा जार नेहमी उजव्या कोपऱ्यात रचतो. 20 लिटरचे सहा, म्हणजे 120 किलो एकाच बाजूला. मी तसेच रचायला लावले. त्याआधी कार टॉपवरून, म्हणजे लिफ्टच्या केबिनच्या छतावरून, जाऊन प्रत्येक मजल्याच्या लॉक रोलरला, म्हणजे लॉक उघडणाऱ्या छोट्या चाकाला, खडू फासून ठेवला होता. कारच्या दारावरची व्हेन, म्हणजे उभी पट्टी, या रोलरांमधून न घासता जायला हवी. फक्त थांबायच्या मजल्यावर तिने रोलर दाबून लॉक उघडायचा. जारांसह लिफ्ट पूर्ण वेगाने पळवली. तिसऱ्या फेरीला अडकली. वर जाऊन टॉर्च मारला तर बाकीच्या मजल्यांचा खडू जसाच्या तसा, चौथ्याचा पुसलेला आणि व्हेनवर पांढरा ओरखडा.

कारला रुळांवर सरळ धरणाऱ्या गाईड शूचे लायनर, म्हणजे आतली अस्तरं, झिजले होते, त्यामुळे वजन एका बाजूला आलं की कार कलायची. चौथ्याच्या रोलरचा बोल्ट सैल होऊन रोलर दोन-तीन मिलिमीटर आत आला होता. जाता जाता व्हेन त्याला खेटायची, लॉकचा हुक किंचित उचलला जायचा, कॉन्टॅक्ट क्षणभर उघडायचा. लॉक आपलं काम चोख करत होता, आणि त्याचाच कॉन्टॅक्ट दोनदा बदलला! लायनर बदलले, रोलर सेट केला, पुन्हा जार भरून पंधरा फेऱ्या मारल्या. संध्याकाळी सात वाजले. सेक्रेटरीकाकांनी रजिस्टरवर सही केली, बोलले काही नाही.

लूप मारणारा मला परका नाही. सीरिज साखळीत मीटर कसा लावायचा, अर्धी साखळी सोडून तुटलेली जागा कशी शोधायची, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. रात्री त्याला फोन केला. चिडलो होतो, बोललोही. तो म्हणाला, "त्या दिवशी मला नऊ ब्रेकडाऊन कॉल होते. सोसायटीला दोन तासांत लिफ्ट चालू हवी होती आणि ऑफिसला कॉल बंद झालेला हवा होता. उद्या येऊन नीट करतो म्हणून मारला, तो उद्या आलाच नाही." नऊ कॉलचा दिवस मलाही माहीत आहे. तरी दारांना टेकणाऱ्या त्या पोरांचं काय, असं विचारलं. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग फोन ठेवला. सुपरवायझरला मी अजून सांगितलेलं नाही. लूपची नोंद मात्र सर्व्हिस शीटवर केली आहे, आणि ती शीट उद्या ऑफिसात जाईल.