तुम्ही विचारलंत म्हणून : परेरांची ढाल आणि आपलं मूळ

"आपल्या आडनावाचं कोट ऑफ आर्म्स मिळालं. म्हणजे आपण मूळचे पोर्तुगालचे, ना?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातोय. लग्नाच्या पत्रिका छापायचे दिवस आले की जास्तच. विचारणारे आपल्या वसईचेच असतात, आता टोरोंटो किंवा मेलबर्नला राहणारे. सोबत त्या कोट ऑफ आर्म्सचा, म्हणजे कुलचिन्हाचा, फोटो असतो: लाल ढाल, तिच्यावर रुपेरी क्रूस, क्रुसाची चारही टोकं पाकळ्यांसारखी उमललेली, मधला भाग पोकळ. खाली लिहिलेलं असतं, परेरा. माझंही आडनाव तेच असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो, आणि मला तो आवडतो. आपण कुठून आलो हे शोधावंसं वाटणं ही फार चांगली गोष्ट आहे.

आधी त्या चित्राबद्दल. चित्र अस्सल आहे. लिस्बनजवळच्या सिंत्रा गावात राजवाडा आहे. तिथल्या एका दालनाच्या छतावर राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालमधल्या ७२ मातब्बर घराण्यांची कुलचिन्हं रंगवून घेतली. त्यांत परेरांचा हा क्रूस आहे. सोझा, नोरोन्हा, मिनेझिस, कुन्हा हेही तिथे आहेत. पुढे १७५९ मध्ये राजाच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवून तावोरा घराण्याचा पाडाव झाला, तेव्हा त्यांचं चिन्ह त्या छतावरून पुसून टाकलं गेलं. कुलचिन्ह म्हणजे किती सरकारी मामला होता, हे यावरून ध्यानात येईल.

इथेच मुद्द्याची गोष्ट येते. कुलचिन्ह आडनावाला मिळत नसे. ते एका माणसाला मिळे, आणि त्याच्या वंशजांनी ते कसं वापरायचं याचे नियम असत. इंग्लंडमध्ये हे काम बघणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून आहे आणि तेही हेच सांगतं: तुमचं आडनाव जुळलं म्हणून ढाल तुमची होत नाही, वंश सिद्ध करावा लागतो. पोर्तुगालमध्ये राजाकडून तशी सनद घ्यावी लागे. सोझांचंच बघा. त्यांच्या दोन मुख्य शाखा, एकीच्या ढालीवर सिंह, दुसरीच्या ढालीवर चंद्रकोरी. मग आपल्या गावातल्या डिसोजांनी यातली कुठली घ्यायची? आडनाव छापील ढालीवर टाकून विकणारी दुकानं हा प्रश्न विचारतच नाहीत.

परेरांच्या बाबतीत एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण काही घरांत "आपण संत नूनोंच्या वंशातले" असं अभिमानाने बोललं जातं. नूनो आल्व्हारेस परेरा हा पोर्तुगालचा मोठा सेनापती. १३८५ मध्ये अल्जुबारोटाच्या लढाईत त्याने कॅस्टिलच्या फौजेचा पराभव केला. म्हातारपणी सगळं सोडून तो कार्मेलाईट मठात गेला, आणि २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संतपद दिलं. पण त्याचा वंश चालला तो एकट्या मुलीकडून. तिचं लग्न ज्या घरात झालं ते ब्रागांझा घराणं, ज्यातून १६४० नंतरचे पोर्तुगालचे राजे आले. संत नूनोंची नातवंडं-पतवंडं त्या घराण्याच्या नावाने ओळखली गेली. त्यांच्याबद्दल आदर जरूर ठेवा, मीही ठेवतो. पण आडनावाच्या धाग्याने त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही.

मग परेरा हे नाव आपल्या घरात आलं कुठून? गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या गावांनी धर्म बदलला. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या माणसाला नाव मिळे, आणि आडनाव बहुधा त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या धर्मपित्याचं, नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. धर्मपिता कोणी किल्ल्यावरचा अधिकारी असेल, कोणी व्यापारी, कोणी साधा शिपाई. त्या शिपायाचं पोर्तुगालमधल्या परेरा जहागीरदारांशी काही नातं असेलच असंही नाही, कारण तिकडेही ही आडनावं सामान्य रयतेत सर्रास होती. म्हणजे ती ढाल आपल्यापासून दोनदा तुटलेली आहे, एकदा तिकडे आणि एकदा इथे.

अस्सल सनदेचं उदाहरण आपल्याकडे नाही असं नव्हे. गोव्यात कांदोळीच्या पिंटो घराण्याला अठराव्या शतकात पोर्तुगालच्या राजाने उमरावपद आणि कुलचिन्ह दिलं. पुढे १७८७ मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा जो कट उघडकीस आला, तो याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या बाबतीत चिन्ह हा पुरावा आहे, कारण ते त्यांनाच मिळालं. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेलात तर जमिनीकडे पाहा. सगळी फरसबंदी थडग्यांच्या शिळांची आहे आणि कित्येकांवर कोरलेल्या ढाली आहेत. प्रत्येक ढालीखाली एक ठरावीक माणूस आहे. चिन्ह वाचायचं ते असं, माणसासकट.

"मग आमचं मूळ कळणारच नाही का?" हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारताना लोकांचा आवाज उतरतो. मला तसं मुळीच वाटत नाही. आपलं मूळ इथेच आहे, आणि ते शोधायची साधनंही इथेच आहेत. आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्या असतात. त्या ठेवायचा दंडक १५६३ च्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासूनचा. फादरांची परवानगी घ्या, वही जिथपर्यंत मागे जाते तिथपर्यंत जा, आणि आईबापांच्या नावांबरोबर धर्मपिता-धर्ममातेची नावंही उतरवून घ्या. त्याच त्याच घरांची नावं पुन्हा पुन्हा आली की कोणाचा कोणाशी घरोबा होता ते दिसू लागतं. मग तलाठ्याकडचे सातबारा आणि जुने फेरफार. वाडीचं नाव, शेताचं नाव, शेजारच्या खातेदाराचं नाव, यांत आडनावापेक्षा जास्त इतिहास असतो. मोडी वाचता येणारा कोणी भेटला तर पेशवाईतले कागदही बोलू लागतात.

आणि घराचं टोपणनाव विसरू नका. एका गावात वीस घरं परेरांची असली तर लोक त्यांना वेगळं कसं ओळखतात? कोणाच्या आजोबांच्या धंद्यावरून, कोणाच्या विहिरीवरून, कोणाच्या आळीवरून. हे नाव कुठल्याही वहीत नसतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं. आपण सामवेदी की वाडवळ, घरात बोली कुठली, लग्नात गाणी कुठली म्हणतात, यातून तर पोर्तुगीज यायच्या आधीचं घर दिसतं. वाडवळ समाज हिंदूंत आहे, ख्रिस्ती लोकांतही आहे. धर्म वेगळा झाला तरी माणसं एकाच मातीतली, ही गोष्ट मला त्या रुपेरी क्रुसापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

पत्रिकेवर ढाल छापावी का, असं विचारलंत तर मी नको म्हणेन. ती दुसऱ्या कोणाला मिळालेली आहे. त्या जागी आईबापांच्या नावांखाली गाव, आळी आणि घराचं टोपणनाव छापा. आमच्या धाकट्याच्या पत्रिकेवर आम्ही तसंच छापलं, आणि लग्नाला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी त्या टोपणनावावरून आमच्या पणजोबांच्या भावाचं, पुण्याकडे निघून गेलेलं घर सांगितलं. सध्या मी त्याच्याच मागे आहे.