जाहिरात आली आणि मजकूर खाली सरकला

सायकल दुरुस्तीवरच्या माझ्या छोट्या संकेतस्थळाचा होस्टिंगचा खर्च निघाला तरी पुरे, एवढ्याच हिशेबाने मी जाहिराती घ्यायचं ठरवलं. जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीची मंजुरी आली त्या रात्री ‘ऑटो’ चालू केलं, म्हणजे जाहिराती कुठे लावायच्या ते तिच्यावरच सोडलं, आणि झोपलो. सकाळी मोबाइलवर पान उघडतो तर साखळी काढायच्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्येच एक चौकोन, तळाला चिकटलेली पट्टी आणि दुसऱ्या पानावर जाताना पडदाभर पसरलेली तिसरीच जाहिरात. मी ओसरी दिली होती, पाहुणे थेट माजघरात!

ऑटो बंद केलं आणि जागा हाताने ठरवायला बसलो.

आधी शीर्षकाखाली ७२८×९० ची (रुंदी×उंची, पिक्सेलमध्ये) आडवी पट्टी टाकली. संगणकावर ऐटदार दिसायची, मोबाइलवर मावायचीच नाही. तिथे ३२०×१०० ठेवली. पण माथ्यावरच्या पट्टीकडे लोक बघतच नाहीत. या सवयीला ‘बॅनर ब्लाइंडनेस’ हे नाव १९९८ पासून आहे, म्हणजे दुखणं जुनंच. बाजूच्या रकान्यात १६०×६०० उभी केली. मोबाइलवर तो रकाना लेखाच्या खाली जातो, तिथवर कोण पोचतंय?

मग ३००×२५० चा चौकोन दुसऱ्या परिच्छेदानंतर बसवला आणि खरी गंमत तिथे झाली. जाहिरात मजकुरानंतर अर्ध्या-एक सेकंदाने यायची आणि वाचत असलेली ओळ धाडकन खाली जायची. या उडीचं मोजमाप असतं, सीएलएस (क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट). ते ०.१ च्या आत हवं, ०.२५ च्या वर गेलं तर वाईट. माझं ०.३१ निघालं. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता: जाहिरात येण्याआधीच त्या डब्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, किमान उंची २५० पिक्सेल देऊन ठेवायची. वरच्या ‘जाहिरात’ या लेबलसाठी थोडी जास्त दिली. जाहिरात आली नाही तर मोकळा चौकोन दिसतो, पण ओळ जागची हलत नाही.

(याच काळात दोन दिवस मला एकही जाहिरात दिसेना. कोड तीनदा तपासला. माझ्याच ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकर चालू होता.)

दुसरी चूक लाजिरवाणी. गिअरच्या तक्त्याची पीडीएफ उतरवून घ्यायच्या बटणाला लागूनच एक चौकोन लावला. क्लिक भराभर वाढले, मी खूश. महिनाअखेरीस ‘अवैध क्लिक’ म्हणून बरीचशी कमाई वजा झाली. चूक माझीच होती. बटणावर जाणारा अंगठा जाहिरातीवर पडत होता. चौकोन तिथून उचलून लेखाच्या शेवटी नेला आणि वर ‘जाहिरात’ एवढंच लिहिलं. ‘हेही पाहा’ असं फसवं काही नाही. ते नियमातही बसत नाही.

आता लांब लेखात दोन जाहिराती आहेत, छोट्यात एकच, शेवटी. कमाई पहिल्या आठवड्याहून कमी आहे, होस्टिंग मात्र सुटतं. ब्रेकच्या पानावर एकही नाही. ते पान उघडणाऱ्याच्या एका हातात पाना असतो, दुसऱ्यात केबल, आणि पडदा तो ग्रीसने माखलेल्या करंगळीने सरकवत असतो.