तिन्ही बाजूंना समुद्र

आज दिवसभर या द्वीपकल्पावर भटकलो. नकाशात टोक अगदी जवळ दिसतं, पण मुख्य रस्ता एकच, मधल्या डोंगरधारेवरून जाणारा. प्रत्येक किनाऱ्यासाठी खाली उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. गाडी ठेवून चालायला लागलो तेव्हा कुठे जागा कळली.

वाऱ्याकडच्या बाजूला धड उभंही राहवत नव्हतं. लाटा उथळ पाण्यात वळतात आणि सगळा जोर भूशिरावर काढतात. म्हणून तिथे उभे कडे, आणि आत वळलेल्या किनाऱ्यावर मऊ वाळू. पलीकडे उतरलो तर पाणी एकदम शांत!

ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून टोक गाठलं. परतायची वेळ आधीच बघून ठेवली होती. ओहोटीनंतर साधारण ६ तासांत पूर्ण भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर विसंबू नका, कळकळीने सांगतोय.

पहाटे समुद्रातून वर येताना पाहिलेला सूर्य संध्याकाळी दुसऱ्या काठावरून समुद्रातच उतरताना पाहिला. मधलं अंतर मी पायी चाललो होतो. अजून झोप येत नाहीये.