बाकावर

“ताई, तुम्ही जरा वेळ बाहेर बसता का जी?” ग्रामसभेच्या अध्यक्षांनी हे इतक्या सहज विचारलं की मी आधी उठले आणि आपल्याला बाहेर काढलंय हे दारापाशी पोचल्यावर लक्षात आलं. माझ्यासोबत दिल्लीहून आलेले मूल्यमापक होते. त्यांना मराठी फारसं कळत नव्हतं, पण हाताची खूण कळली. समाजमंदिराच्या बाहेर भिंतीला लागून सिमेंटचा बाक आहे. त्यावर तेंदूपत्त्याचा ठेकेदार आधीच बसला होता. भाव सांगून झाल्यावर त्यालाही बाहेर पाठवलं होतं.

गोष्ट २०१८ सालच्या फेब्रुवारी अखेरची. गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, कोरची तालुक्यातलं, छत्तीसगडच्या अगदी कडेला. नाव सांगत नाही, गरजही नाही; आसपासच्या बऱ्याच गावांत त्या महिन्यात हेच चाललं होतं. आमची संस्था तिथे वनहक्कांवर काम करायची. सामूहिक वनहक्काचा दावा तयार करणं, नकाशे, ठराव, हिशेबाच्या वह्या, असलं काम. मी त्या प्रकल्पाची समन्वयक होते. मूल्यमापक आले होते ते आमच्या तीन वर्षांच्या प्रकल्पातून काय निष्पन्न झालं ते पाहायला. ग्रामसभेत तेंदूची चर्चा आहे म्हटल्यावर मी त्यांना मुद्दाम त्याच दिवशी नेलं. याहून चांगला दिवस मिळणार नव्हता, असं मला वाटलं होतं.

तेंदूचं गणित माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. बिडी वळायला लागणारं हे पान. मे महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे ते तोडायचं. पहाटे अंधारातच जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं. मग दुपारभर घरातली सगळी माणसं, म्हातारी-पोरं धरून, पानं जुळवत बसतात. ७० पानांचा एक पुडा, आणि असे १,००० पुडे म्हणजे एक गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळत घालायच्या जागी न्यायचे, तिथे ठेकेदाराचा मुन्शी (कारकून) मोजून घेतो. शेतीत हाताशी काही नसतं तेव्हा येणारा हा पैसा असतो. वर्षभराची उधारी, पोरांच्या वह्या, पावसाळ्याआधीची कौलं, बरंचसं यातूनच भागतं.

आधी कित्येक वर्षं या पानांचा लिलाव वनखातं करायचं. गावाला मजुरी मिळायची, आणि नंतर बोनस आला तर आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालावर, गावाची मालकी मान्य केली, आणि त्यात तेंदू आणि बांबू नाव घेऊन घातले. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचे महाराष्ट्रातले नियम २०१४ मध्ये आले. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने वाट पाडून दिली होती. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर आपला माल आपणच विकायचा, हे इतर गावांनीही मनावर घेतलं.

पण विकायचं म्हणजे भाव ठरवायचा, करार करायचा, पैसे वसूल करायचे. २०१७ च्या हंगामात तेंदूला कधी नव्हे तो भाव मिळाला. लोकांनी मोटारसायकली घेतल्या, पत्रे घातले. पण त्याच वर्षी या गावाच्या ठेकेदाराने माल उचलला आणि शेवटच्या हप्त्याला तोंड दाखवलं नाही. २०१८ मध्ये सगळंच उलटं. ठेकेदार येईनात, आले तर भाव पाडून बोलत. १८ टक्के जीएसटीचं निमित्त तर प्रत्येकाच्या तोंडी. या गावाकडे दोनच जण आले. एकाचा भाव गोणीमागे बरा होता, पण पैसे माल विकल्यावर. दुसऱ्याचा कमी, पण माल गोदामातून हलायच्या आधी सगळी रक्कम चुकती. बाकावर बसला होता तो दुसरा.

मी नमुना कराराच्या प्रती घेऊन गेले होते. अध्यक्षांनी त्या ठेवून घेतल्या आणि मला बाहेर पाठवलं.

मूल्यमापक अस्वस्थ झाले. त्यांच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, ‘निर्णयप्रक्रियेत संस्थेची भूमिका’, आणि समोर एक ते पाच असे आकडे. ते मला म्हणाले, “आता इथे मी काय लिहू?” माणूस चांगला होता, टोमणा नव्हता तो. खरोखरच अडचण होती. प्रकल्पाची चौकट अशी बनवलेली असते की संस्था काहीतरी करते आणि त्यामुळे गावात काहीतरी होतं. हा कार्यकारणाचा तक्ता अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी १९६९ च्या सुमाराला तयार झाला आणि पुढे जगभरच्या निधी देणाऱ्यांनी उचलला. गंमत अशी, की शेरी अर्नस्टीन या अमेरिकन बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली तीही १९६९ मध्येच. तळाशी लोकांना गुंडाळणं, मध्ये कुठेतरी सल्लामसलत, वर नागरिकांचं नियंत्रण. विकास-अभ्यासाच्या वर्गात आम्ही दोन्ही शिकलो, आणि दोन्ही पाठ करून परीक्षा दिल्या. वरच्या पायरीवर गाव पोचलं की तक्त्यातला संस्थेचा रकाना रिकामा पडतो, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. परीक्षेत विचारायला हवा असा प्रश्न आहे तो.

ठेकेदार आमचं बोलणं ऐकत होता. गोंदियाकडचा, पन्नाशीचा, बोलका. म्हणाला, “मॅडम, पहिले मी एका दिवसात ऑफिसात बसून अख्खं युनिट, म्हणजे कितीतरी गावांचं पान, घ्यायचो. आता गावागावात बाकावर बसतो. तुम्ही लोकांनीच शिकवलं यांना.” मग हसून, “आणि आता तुम्हीपण बसल्या.” माझा प्रकल्प किती वर्षांचा, हे त्याने विचारलं. तीन, म्हटलं. “म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच. हंगाम.” मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बोलण्यात तथ्य होतं. त्याच्याकडून बाजाराची मात्र खरी माहिती मिळाली. बिडी कारखान्यांची मागणी कशी उतरतेय, सोलापूर आणि निजामाबादचे व्यापारी कोणतं पान नाकारतात, वळवाच्या पावसाने फळीवर वाळत घातलेलं पान काळं पडलं तर तोटा कुणाच्या अंगावर. यातलं अर्धं आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हतं.

तेवढ्यात वनरक्षक मोटारसायकलवरून आले. कुठल्याशा कागदावर अध्यक्षांची सही हवी होती. दारातून एक पोरगा म्हणाला, “सभा चालू आहे, बसा जी.” ते बसले. बाकावर जागा नव्हती म्हणून मी सरकले.

आता पाठ्यपुस्तक आठवून पाहा. शासन, बाजार आणि नागरी समाज असा तो प्रसिद्ध त्रिकोण. तिन्ही कोपरे एका बाकावर दाटीवाटीने बसले होते. आणि ज्यांना कुठल्याच कोपऱ्यात बसवायचं ठाऊक नसल्यामुळे आपण ‘लाभार्थी’ म्हणतो, ते आत निर्णय घेत होते. ग्रामसभा ही काही स्वयंसेवी संस्था नव्हे, ती थेट राज्यघटनेच्या कलम २४३ मध्ये आहे. त्याच वेळी ती माल विकणारी आहे आणि जंगल राखणारीही आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच मुद्द्यावर: सामाईक संपत्ती राखायला प्रत्येक वेळी सरकार किंवा खासगी मालकच लागतो असं नाही, वापरणारे लोक आपसात नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. फक्त नियम त्यांचे हवेत, देखरेख त्यांची हवी, आणि वरच्या सत्तेने त्यांचा हा हक्क मान्य करायला हवा. शेवटची अट पुरी व्हायला आपल्याकडे २००६ साल उजाडलं.

तासाभराने मला आत बोलावलं. एकच प्रश्न होता: जीएसटी कुणी भरायचा? मी सांगितलं, करारात भाव ‘जीएसटी सोडून’ असा स्पष्ट लिहा आणि कराची जबाबदारी कुणाची तेही वेगळं लिहून घ्या, नाहीतर नंतर तुमच्याच रकमेतून कापतील. “बरं,” अध्यक्ष म्हणाले. आत सतरंजीवर डावीकडे बाया, उजवीकडे गडी. माझे नमुना करार मधोमध पडले होते आणि त्यावर पेनाने बरीच काटाकाट झाली होती.

एक म्हातारी बोलत होती, गोंडीत, आणि मुलं मला मराठीत सांगत होती. तिचं म्हणणं भावाबद्दल नव्हतंच. फळीवर मुन्शी शेकड्यामागे फाटक्या पानांच्या नावाखाली जादा पुडे घेतो, ते कोण लिहितं? तिने बोटं दुमडून मोजून दाखवलं, एवढे इकडे, एवढे तिकडे, आणि हंगामाअखेर किती दिवसांची फुकट मजुरी झाली ते सांगितलं. आमच्या नमुना करारात त्याबद्दल एक ओळ नव्हती. ती तिथेच घातली गेली: मुन्शी गावाचा, मोजणी गावाची, शेकडा म्हणजे शंभरच. दुसऱ्या एकीने मजुरी फळीवरच रोख हवी म्हणून हट्ट धरला. बँक कोरचीला, जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि पासबुक नवऱ्याकडे. रॉयल्टी, म्हणजे मालाबद्दल गावाला मिळणारी रक्कम, ग्रामसभेच्या खात्यात, मजुरी बाईच्या हातात, असं ठरलं. मतदान नाही. दोन तरुण जास्त भावावर अडून होते. त्यांना मागच्या वर्षीचा बुडालेला हप्ता पुन्हा पुन्हा ऐकवला गेला, आणि शेवटी तेही ‘हो’ म्हणाले. पूर्ण मनाने म्हणाले असं मी लिहिणार नाही. सर्वसहमती ही कधीकधी थकव्यातूनही येते, आणि त्या तरुणांपैकी एकाचा चेहरा बराच वेळ फुगलेला होता.

कमी भावाचा ठेकेदार ठरला. त्याला आत बोलावून अटी वाचून दाखवल्या. मुन्शीच्या कलमावर त्याने बरीच खळखळ केली आणि सही केली.

मूल्यमापकांनी त्या रकान्यात आकडा न लिहिता समासात चार ओळी लिहिल्या. अहवालात त्या छापल्या गेल्या नाहीत. तिथे ‘तीन’ आलं.

मे महिन्यात दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा रखडला. ग्रामसभेने बोद, म्हणजे पानांनी भरलेली पोती, गोदामात कुलूपबंद ठेवले, किल्ली अध्यक्षांच्या घरी. जूनमध्ये आभाळ भरून यायला लागलं तसा ठेकेदार पैसे घेऊन आला. त्याच महिन्यात ग्रामसभेने ठराव केला: हंगामाचे हिशेब तपासायला संस्थेचा माणूस बोलवायचा आणि त्याचा मेहनताना ग्रामसभेच्या खात्यातून द्यायचा. धनादेश आला. आमच्या लेखापालांनी तो आठवडाभर टेबलावर ठेवला, कारण गावाकडून संस्थेला पैसे येण्यासाठी आमच्या खतावणीत खातंच नव्हतं. शेवटी त्यांनी तो ‘इतर जमा’ मध्ये टाकला, आणि लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला.